‘ने’ दिसला की पॅसिव्ह? मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी व्याकरणाचे आणि कवितेचे शब्द कसे शिकवावेत

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या बारा मुलांसाठी संध्याकाळी एक तास इंग्रजीचा वर्ग आहे. मुलांची पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. पुढं पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेल्यावर बहुतेकांना सगळेच विषय इंग्रजीतून घ्यावे लागतील. तेव्हा व्याकरणाचे आणि कवितेच्या अभ्यासातले मूळ शब्द आताच पक्के व्हावेत असं वाटतं.

मुलं मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहून पाठ करतात. नाम म्हणजे नाउन, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, रूपक म्हणजे मेटाफर. यादी तोंडपाठ आहे, खरं वाक्य समोर ठेवलं की चुकतात. ‘सुरेशने पत्र लिहिलं’ याचं इंग्रजी ते बरोबर करतात आणि त्याच इंग्रजी वाक्याला पॅसिव्ह म्हणतात. कवितेत एकाच अक्षरानं सुरू होणारे दोन शब्द दिसले की अलिटरेशन लिहून मोकळे. ‘लाइक’ दिसला की सिमिली.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही गल्लत नेमकी कुठून होते? दहावीच्या मुलाला किती शब्द पुरेत? आणि सहा आठवड्यांत कुठल्या क्रमानं घ्यावेत?

निपाणीच्या बाई

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण निम्म्या चुका तिथूनच निघतात. मराठी संज्ञा आणि इंग्रजी संज्ञा यांच्या हद्दी एक नाहीत. काही ठिकाणी तंतोतंत जुळतात, काही ठिकाणी अर्ध्याच. मुलानं भाषांतर पाठ केलं की न जुळणाऱ्या अर्ध्यात तो हमखास पडतो. म्हणून प्रत्येक शब्दाला अर्थाबरोबर एक कसोटी द्यायची.

तुमचंच उदाहरण घ्या. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कुणाच्या मागं जातं यावरून. ‘सुरेशने पत्र लिहिलं’, ‘सुरेशने चिठ्ठी लिहिली’. कर्म बदललं तसं क्रियापद बदललं, म्हणून कर्मणी. इंग्रजीत व्हॉइस ठरतो तो सब्जेक्टच्या जागी कोण बसलंय यावरून, करणारा की ज्याच्यावर क्रिया होते तो. ‘सुरेश रोट अ लेटर’मध्ये सुरेश करतोय आणि तोच सब्जेक्ट आहे, म्हणजे ॲक्टिव्ह. मराठीत कर्मणी आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह, दोन्ही उत्तरं बरोबर. भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो, ही मराठीची स्वतःची रीत आहे. ‘शिपायाने चोराला पकडलं’ हा आपला भावे प्रयोग तर इंग्रजीत शोधूच नये. तिथं ते साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे.

पॅसिव्हची कसोटी अशी: ‘बी’चं एखादं रूप (ॲम, इज, आर, वॉज वगैरे) हवं आणि त्याला धरून क्रियापदाचं तिसरं रूप हवं. दोन्ही हवीत. फळ्यावर तीन जोड्या कायम ठेवा. ‘इज रायटिंग’मध्ये बी आहे, तिसरं रूप नाही, म्हणून कंटिन्युअस. ‘हॅज रिटन’मध्ये तिसरं रूप आहे, बी नाही, म्हणून पर्फेक्ट. ‘इज रिटन’मध्ये दोन्ही आहेत, म्हणून पॅसिव्ह. मुलं जिथं अडखळतात ते ‘हॅज बीन रिटन’ चौथ्या दिवशी द्या. ‘बीन’ हे बीचंच रूप आहे हे त्यांनी स्वतः ओळखलं पाहिजे. ज्या क्रियापदाला कर्मच नाही, म्हणजे झोपणं, येणं, पडणं, त्याचं पॅसिव्ह होत नाही. हे आधी सांगितलं नाही तर ‘वॉज स्लेप्ट’ लिहितात.

काळाचंही तसंच. मराठी व्याकरणात प्रत्येक काळाचे चार प्रकार: साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. इंग्रजीतही चार: सिंपल, कंटिन्युअस, पर्फेक्ट, पर्फेक्ट कंटिन्युअस. पहिले तीन जुळतात म्हणून चौथाही जुळत असेल असं मुलं धरतात. तो जुळत नाही. ‘मी रोज पहाटे फिरायला जात असतो’ हा रीती वर्तमानकाळ, पण इंग्रजीत सवयीला सिंपल प्रेझेंट लागतो: ‘आय गो’. ‘जात असे’ला ‘यूज्ड टू गो’. पर्फेक्ट कंटिन्युअस लागतो तो ‘मी दोन वर्षांपासून इथं राहतोय’ अशा वाक्याला, जिथं मराठीत साधा किंवा अपूर्ण वर्तमान चालून जातो. तिथंच ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ही घ्या. आपल्या ‘पासून’ला दोन्ही अर्थ आहेत आणि कन्नडच्या ‘इंद’लाही, म्हणून मुलांना फरक जाणवत नाही. सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, कालावधी मोजला तर फॉर. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज.

आपल्या भागातल्या बोलीचा इथं फायदा आहे. ‘तो यायलाय’, ‘पाऊस पडायलाय’ ही आपली रूपं म्हणजे सरळ कंटिन्युअस. पुस्तकी ‘येत आहे’पेक्षा मुलांना ती लवकर कळतात. फक्त एक धोका आहे. ‘मला कळायलंय’, ‘मला आठवायलंय’ असंही आपण बोलतो आणि त्यावरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम रिमेंबरिंग’ येतं. कळणं, आठवणं, आवडणं, हवं असणं, जवळ असणं यांना इंग्रजीत सहसा सिंपलच लागतो. ही पाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

आणि पूर्ण वर्तमान. ‘मी काल फी भरली आहे’ मराठीत चालतं. इंग्रजीत ‘हॅव पेड’बरोबर ‘यस्टरडे’ चालत नाही. गेलेली ठरावीक वेळ वाक्यात आली की सिंपल पास्ट.

फ्रेज आणि क्लॉज याची कसोटी सोपी आहे. काळ दाखवणारं क्रियापद आहे का बघायचं. ‘मलप्रभेच्या काठावर’ हा पदसमूह, म्हणजे फ्रेज. ‘जेव्हा मलप्रभेला पूर येतो’ यात क्रियापद आहे, म्हणून क्लॉज, पण एकटं उभं राहत नाही, म्हणून सबॉर्डिनेट क्लॉज. आपल्या केवल, संयुक्त, मिश्र वाक्यांना सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स हे शब्द बऱ्यापैकी नीट बसतात. हा भाग एका तासात होतो, जास्त वेळ घालवू नका.

शब्दयोगी अव्ययाला प्रेपोझिशन म्हणताना एवढंच सांगा की आपलं शब्दानंतर येतं, त्यांचं आधी. आणि आर्टिकलसाठी देवनागरी वापरा. शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. ‘युनिव्हर्सिटी’ य-नं सुरू होते, म्हणून अ. तास या अर्थाचा ‘अवर’ अ-नं, म्हणून ॲन. ‘वन-डे मॅच’ व-नं, म्हणून अ. मुलांच्या रोजच्या तोंडातलं उदाहरण (एसएसएलसी म्हणजे दहावी): ॲन एसएसएलसी स्टुडंट, पण अ पीयूसी स्टुडंट. इंग्रजी स्पेलिंग बघून ठरवायला गेलं की पीयूसी सोडून ही चारही चुकतात.

साहित्याचं इथल्या दुसऱ्या कुणी सांगावं.

टिळकवाडी, डिग्री वर्ग

बाईंनी हद्दीचा मुद्दा मांडला तो अलंकारांत जास्तच लागू पडतो. व्याकरणात चूक झाली की वाक्य बिघडतं आणि कळून येतं. अलंकारात चूक झाली तर मूल ती वर्षानुवर्षं घेऊन फिरतं. डिग्रीच्या पहिल्या वर्षालाही हे नीट करावं लागतं.

सिमिली. उपमा हे नाव बरोबर आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही आपली चार अंगं इथं चांगली चालतात. उलट इंग्रजी शाळेत एवढं काटेकोर शिकवत नाहीत. मराठीत मात्र ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा होते. इंग्रजीत तशी वेगळी शाळकरी संज्ञा नाही. ‘ॲज इफ’नं केलेली कल्पनाही सिमिलीतच धरतात. त्यामुळं ‘उत्प्रेक्षेला इंग्रजीत काय म्हणतात’ हा प्रश्न मुलांनी विचारला तर सिमिली म्हणून सांगा आणि पुढं चला.

‘लाइक’ची भानगड अशी की त्याची तीन कामं आहेत. ‘आय लाइक कुंदा’मध्ये (कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई) ते क्रियापद आहे. ‘शी लुक्स लाइक हर मदर’मध्ये तुलना आहे, पण खरीखुरी. मुलगी आईसारखी दिसतेच, त्यात अलंकार नाही. ‘द फॉग केम डाउन लाइक अ ब्लँकेट’मध्ये धुकं आणि चादर या जातीनंच वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून सिमिली. कसोटी: दोन वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात आणि साम्य कल्पनेतलं हवं.

मेटाफर. इथं रूपक हा शब्द अर्धाच पुरतो. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात असतात आणि त्यांचा अभेद सांगितलेला असतो. इंग्रजी मेटाफर त्याहून मोठा आहे. उपमेय गाळून नुसतं उपमान ठेवलं तरी तो मेटाफरच. संस्कृत साहित्यशास्त्र त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतं. म्हणजे एका बाजूला रूपक मेटाफरपेक्षा लहान, दुसऱ्या बाजूला अतिशयोक्ती हायपरबोलपेक्षा, म्हणजे नुसतं फुगवून सांगण्यापेक्षा, मोठी. दहावीला एवढं सांगायची गरज नाही. फक्त ‘मेटाफरमध्ये कधी कधी एकच वस्तू दिसते, दुसरी ओळखावी लागते’ हे वाक्य द्या. शिवाय रूपककथा म्हणजे मेटाफर नव्हे, ती ॲलिगरी.

डिग्रीला जाणाऱ्यांसाठी: उपमेय आणि उपमान यांना इंग्रजीत टेनर आणि व्हेइकल म्हणतात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनी १९३६ मध्ये ही जोडी रूढ केली. आपल्याकडं ही विभागणी त्याच्या कितीतरी शतकं आधीची आहे, त्यामुळं मराठी माध्यमाच्या मुलाला ती परकी वाटायचं कारण नाही. हे त्याला मुद्दाम सांगावं.

पर्सनिफिकेशन. चेतनगुणोक्ती. छान जुळतं. फक्त ‘वारा वाहतो’, ‘पाऊस येतो’ ही रोजची बोली आहे, अलंकार नाही. ‘कौलांवर पाऊस रात्रभर गाऱ्हाणी सांगत बसला’ म्हटलं तर आहे.

अलिटरेशन. तुमच्या मुलांची चूक इथं दोन पदरी आहे. आपल्या अनुप्रासात अक्षर ओळीत कुठंही पुन्हा आलं तरी चालतं. अलिटरेशनला शब्दाच्या सुरुवातीचा व्यंजनध्वनी लागतो. मधला किंवा शेवटचा व्यंजनध्वनी पुन्हा आला तर कॉन्सनन्स, स्वर पुन्हा आला तर असोनन्स. आणि सगळीकडं ध्वनी मोजायचा, स्पेलिंग नाही. बाईंची देवनागरीची युक्ती इथंही लागते. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ इंग्रजीत एकाच अक्षरानं सुरू होतात. देवनागरीत लिहा, स आणि क. अलिटरेशन नाही. ‘किंग’, ‘क्वीन’, ‘कॅट’ यांची इंग्रजी अक्षरं तीन वेगळी, देवनागरीत तिन्हींना क. आहे. ‘नाइफ’ आणि ‘नेम’, आहे. ‘फोन’ आणि ‘फायर’, आहे.

राइम. यमक म्हणा, पण परत कानानं. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांच्या स्पेलिंगचा शेवट एकच, उच्चार वेगळा. त्याला आय राइम म्हणतात, म्हणजे डोळ्याला दिसणारं यमक. राइम स्कीम लिहिताना पहिल्या ओळीच्या शेवटच्या ध्वनीला ए, नवा ध्वनी आला की बी, जुना परत आला की जुनंच अक्षर. मुलं प्रत्येक कडव्याला पुन्हा ए-पासून सुरुवात करतात. तसं नाही, अक्षरं कवितेच्या शेवटपर्यंत पुढं जातात. म्हणून शेक्सपियरच्या पद्धतीचं सुनीत ए बी ए बी, सी डी सी डी, ई एफ ई एफ, जी जी असं लिहितात. चौदा ओळी, शेवटी दोन ओळींची जोडी, तिला कप्लेट म्हणायचं.

ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स यांची सर्रास अदलाबदल होते. ब्लँक व्हर्समध्ये यमक नाही, पण ठेका बांधलेला असतो, बहुतेक वेळा ओळीला पाच पावलं, प्रत्येकात एक हलका आणि एक जोराचा सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. फ्री व्हर्समध्ये यमकही नाही आणि ठराविक ठेकाही नाही. तोच आपला मुक्तछंद.

ठेक्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आपली वृत्तं लघु-गुरूवर, म्हणजे लांबीवर मोजली जातात. इंग्रजीत मोजतात तो आघात. मुलं इंग्रजी ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायला लागतात आणि काहीच जमत नाही. आघात कळण्यासाठी ‘रेकॉर्ड’ हा शब्द घ्या. नाउन असताना जोर पहिल्या सिलेबलवर, व्हर्ब असताना दुसऱ्यावर. ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ हेही तसेच. या एका गोष्टीत देवनागरी मदत करत नाही, तोंडानंच म्हणून दाखवावं लागतं.

आयरनी. याला एकच मराठी शब्द देऊ नका. बोलणं एक आणि अर्थ उलटा, ती व्हर्बल. आपला उपरोध तिथं बसतो. पाऊस मोजायचं यंत्रच पुरात वाहून गेलं, ती सिच्युएशनल. प्रेक्षकाला माहीत आहे आणि पात्राला नाही, ती ड्रामॅटिक. नुसती वाईट गोष्ट घडली म्हणजे आयरनी होत नाही. अपेक्षेच्या नेमकी उलटी घडावी लागते.

ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स या दोन्हींना मराठीत विरोधाभास म्हणतात. शेजारशेजारच्या दोन शब्दांत विरोध असेल तर पहिला, पूर्ण विधानात असेल तर दुसरा.

थीम हा शब्द शेवटी घ्या आणि त्याला एक पूर्ण तास द्या. ‘पाऊस’ ही थीम नव्हे, तो सब्जेक्ट. थीम नेहमी पूर्ण वाक्यात सांगता येते: ‘ज्या पावसावर शेत जगतं तोच पाऊस घर पाडतो.’ मुलानं एका शब्दात थीम लिहिली की वही परत द्यायची.

खानापूरकर

बाई, सर, दोघांचेही आभार. देवनागरीत लिहून ध्वनी ओळखायची युक्ती उद्यापासूनच वापरतो.

यावरून आणखी एक अडचण आठवली. काही शब्द दोन्हीकडं येतात. मूड व्याकरणात आहे आणि कवितेतही. व्हॉइस, सब्जेक्ट, अपॉस्ट्रफी, आर्टिकल हेही. शिवाय पर्सन शिकवताना अर्धी मुलं फर्स्ट पर्सनला ‘तो’ म्हणतात. हे कुठून आलं ते कळेना.

चिकोडीचा दुभाषी

पर्सनचं उत्तर कन्नडच्या तासात आहे. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे मी, द्वितीय तू, तृतीय तो. कन्नड व्याकरण संस्कृतची पद्धत ठेवतं: उत्तम पुरुष म्हणजे ‘नानु’, मध्यम पुरुष म्हणजे ‘नीनु’, आणि प्रथम पुरुष म्हणजे ‘अवनु, अवळु, अदु’. म्हणजे ‘प्रथम पुरुष’ या एकाच नावाचा सकाळच्या मराठी तासाला अर्थ ‘मी’ आणि दुपारच्या कन्नड तासाला अर्थ ‘तो’. मुलं चुकत नाहीत, दोन्ही पुस्तकं इमानानं पाठ करतात. उपाय असा की इंग्रजीच्या तासाला पुरुष हा शब्दच वापरू नये. बोलणारा, ऐकणारा, ज्याच्याविषयी बोलतो तो. फर्स्ट, सेकंड, थर्ड. कथेतल्या फर्स्ट पर्सन नॅरेटरलाही हेच लागू: सांगणारा स्वतः ‘मी’ म्हणतो.

दुसरी तशीच जागा म्हणजे प्रास. जुन्या कन्नड पद्यात प्रास म्हणजे प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षराचं व्यंजन सारखं असणं. ओळीच्या शेवटच्या यमकाला तिथं अंत्यप्रास म्हणतात. जी मुलं कन्नडमध्ये हुशार आहेत ती राइम शोधायला ओळीच्या सुरुवातीला जातात. त्यांना ‘राइम म्हणजे अंत्यप्रास’ असं सांगितलं की एका क्षणात समजतं.

पण कन्नडचा फायदाही घ्या, आपल्या भागात तो फुकट मिळतो. लिंगाचंच बघा. मराठीत खुर्ची ती, टेबल ते, दरवाजा तो. त्यामुळं मुलं ‘द रिव्हर’ला ‘शी’ लिहितात. कन्नडमध्ये माणसांत पुरुष आणि स्त्री, बाकी नदी, झाड, खुर्ची, गाय सगळं ‘अदु’. इंग्रजीचं ‘इट’ जवळपास तिथंच बसतं. ‘कन्नडमध्ये अदु म्हणाल तिथं इट’ हा नियम दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो. पाळलेल्या जनावराला इंग्रजीत ही किंवा शी म्हणतात, तेवढा अपवाद.

रिपोर्टेड स्पीच आणि क्वेश्चन टॅगमध्ये मात्र मराठी आणि कन्नड दोघी मिळून खड्ड्यात घालतात. आपण ‘येतो म्हणून सांगितला’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिद’. दोन्हीत मूळ वाक्य जसंच्या तसं राहतं, ‘येतो’ बदलत नाही. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वुड कम’. माणूस बदलतो, काळ एक पायरी मागं जातो, आणि ‘टुडे’, ‘हिअर’ असे शब्दही बदलतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवू नका. पहिल्या दिवशी फक्त माणूस, दुसऱ्या दिवशी काळ, तिसऱ्या दिवशी वेळ-जागेचे शब्द. आणि टॅगला आपलं ‘न्हवं?’ आणि कन्नडचं ‘अल्वा?’ सगळ्या वाक्यांना चालतं, म्हणून सगळीकडं ‘इजंट इट’ येतं. वाक्यातलं सहायक क्रियापद उचलायचं, होकार असेल तर नकार करायचा, नकार असेल तर होकार. सहायक नसेल तर डू, डज, डिड.

निपाणीच्या बाई

दोन अर्थांच्या शब्दांसाठी वहीचं एक वेगळं पान करा, पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडं व्याकरण, उजवीकडं साहित्य. मूड डावीकडं आपला आख्यातार्थ, म्हणजे स्वार्थ, आज्ञार्थ वगैरे. उजवीकडं वाचताना मनावर येणारं वातावरण. टोन त्याच्या शेजारीच लिहा: मूड वाचकाचा, टोन लिहिणाऱ्याचा. व्हॉइस डावीकडं प्रयोग, उजवीकडं कवितेत बोलणारा आवाज. सब्जेक्ट डावीकडं वाक्याचा, उजवीकडं विषय. अपॉस्ट्रफी डावीकडं अक्षरावरची ती खूण, उजवीकडं समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला हाक मारणं. आर्टिकल डावीकडं उपपद, उजवीकडं लेख. पाच शब्द, एक पान, अर्धा तास.

सब्जेक्टची आणखी एक अडचण. ‘मला भूक लागली’, ‘मला कुंदा आवडतो’ यात मराठीत भूक आणि कुंदा कर्त्याच्या जागी असतात. इंग्रजीत सब्जेक्ट ‘आय’. कर्ता म्हणजे सब्जेक्ट हे समीकरण तिथं मोडतं.

येळ्ळूरचा पालक

देवनागरीच्या युक्तीत एक छिद्र आहे, ते सांगून ठेवतो. ‘व्हॅली’ आणि ‘वॉटर’ इंग्रजीत दोन वेगळे ध्वनी. मुलं दोन्हीला व लिहितात आणि अलिटरेशन म्हणतात. लिहिताना व्ह आणि व वेगळे ठेवायची सक्ती करा. ज आणि झ-चंही तसंच: ‘जॅम’ आणि ‘झू’. ‘थिंक’ आणि ‘दॅट’ मात्र देवनागरीत आपोआप वेगळे पडतात.

सिलेबल मोजताना देवनागरी अक्षरं मोजू नयेत. ‘स्ट्रेंग्थ’ लिहायला लांबलचक, सिलेबल एकच. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा, जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके सिलेबल. ‘फिल्म’ला ‘फिलम’ म्हणायची सवय असेल तर हातही दोन मोजतो. तेव्हा उच्चार आधी सुधारायला हवा.

होमोफोन मात्र देवनागरीत मजेत कळतात. सूर्य या अर्थाचा ‘सन’ आणि मुलगा या अर्थाचा ‘सन’ सारखेच लिहिले गेले, म्हणजे होमोफोन.

निपाणीच्या बाई

बरोबर. व आणि व्ह माझ्याकडून राहिलं होतं.

सर, आता तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न. चाळीस शब्द पुरेत. व्याकरणाचे पंचवीस, साहित्याचे पंधरा. त्याहून जास्त दिले की मुलं परत यादी पाठ करायला लागतात. पहिला आठवडा शब्दांच्या आठ जाती आणि आर्टिकल. आठ जाती आपल्यासारख्याच आहेत, म्हणून भरभर होतात. दुसऱ्यात सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट (पूरक), फ्रेज, क्लॉज. तिसऱ्यात काळ. चौथ्यात व्हॉइस आणि रिपोर्टेड स्पीच. काळ पक्का झाल्याशिवाय या दोन्हींना हात लावू नका, कारण दोन्हीत क्रियापदाची रूपंच हलवायची असतात. बऱ्याच वर्गांत पुस्तकाच्या क्रमानं जायचं म्हणून व्हॉइस आधी उरकतात आणि मग वर्षभर दुरुस्ती चालते. पाचवा-सहावा आठवडा कवितेचा.

रोज तीनपेक्षा जास्त नवे शब्द नकोत. प्रत्येक शब्दाला वहीत चार ओळी: नाव, कसोटी, स्वतः केलेलं उदाहरण, आणि ‘असं दिसलं तरी हे नव्हे’ असं एक उदाहरण. चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. सिमिलीच्या चौथ्या ओळीत ‘शी लुक्स लाइक हर मदर’, पॅसिव्हच्या चौथ्या ओळीत ‘हॅज रिटन’. चाचणी घेतानाही दहापैकी चार वाक्यं फसवी ठेवा. सगळी खरीच दिली तर मूल न वाचता उत्तर देतं.

टिळकवाडी, डिग्री वर्ग

उत्तर लिहिण्याबद्दल थोडं. अलंकाराचं नाव लिहून मुलं थांबतात. तीन वाक्यांची सवय लावा. समजा ओळ आहे ‘द रेन इज अ ड्रमर ऑन द टाइल्स’. पहिलं वाक्य: हा मेटाफर आहे. दुसरं: पावसाला ढोल वाजवणारा म्हटलंय, लाइक किंवा ॲज न वापरता. तिसरं: त्यामुळं कौलांवरचा एकसारखा ठोका ऐकू येतो. तिसरं वाक्य लिहिता आलं नाही तर मुलाला ओळ समजलेली नाही, नुसतं नाव आठवलंय असं धरा.

‘द पोएट सेज’ची सवयही आताच मोडा. कवितेतला ‘मी’ कवीच असेल असं नाही. ‘द स्पीकर’ लिहायला शिकवा. पीयूसीत आणि डिग्रीला याचा उपयोग होतो.

खानापूरकर

चौथी ओळ आजच वहीत घालायला सांगितली. त्यावरून लगेच एका मुलीनं विचारलं. ‘बेळगाव इज ॲज कूल ॲज ऊटी’ ही सिमिली का? ॲज दोनदा आहे. आणि डिग्रीज ऑफ कंपॅरिझनच्या धड्यात हेच वाक्य पॉझिटिव्ह डिग्री म्हणून येतं.

टिळकवाडी, डिग्री वर्ग

फार चांगला प्रश्न, तिला सांगा. दोन गावं, एकाच जातीची, आणि थंडी मोजता येते. म्हणून ती खरी तुलना, पॉझिटिव्ह डिग्री, अलंकार नाही. आता तिलाच हे वाक्य द्या: ‘हर व्हॉइस इज ॲज स्वीट ॲज कुंदा’. रचना तीच, डिग्रीही तीच, पण आवाज जिभेवर ठेवून चाखता येत नाही. म्हणून हे व्याकरणात पॉझिटिव्ह डिग्री आणि कवितेत सिमिली, एकाच वेळी दोन्ही. पहिलं वाक्य सिमिलीच्या चौथ्या ओळीत जाईल आणि दुसरं तिसऱ्या ओळीत.